गुरुवारी किउसाउस

आमच्या भाषेत मोह बटाट्याचा असतो.
काडीकाडीने चिरलेला, कांद्यावर पसरलेला,
मधे हॅमचे गुलाबी तुकडे, वरून साय,
आणि तासभर भट्टीत.
फळ्यावर मी खडूने लिहिते: किउसाउस.
जानेवारी, गुरुवार, बाहेर उणे चोवीस,
कुहमोच्या शाळेत दोनशे चाळीस मुलं.

होदान नवी आहे, सोमालियाहून आलेली.
एप्रनच्या खिशात वही ठेवते.
"हिल्क्का, याचा अर्थ?"
मोह, मी म्हटलं. भुरळ.
तोंड नको म्हणत असतानाच
हात पुढे जातो ना, ते.
तिने फळ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे.
"यात डुक्कर आहे?"
आहे.
"मग मला नको,"
आणि घरून आणलेला डबा उघडला.
एकतीस वर्षांत मोहाला इतकं सरळ
कुणी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

पण तिचं पान अर्धंच भरलं होतं,
म्हणून सांगत गेले, कांद्याची सालं गोळा करता करता.
चर्चमध्ये आम्ही म्हणतो,
देवा, आम्हाला त्यात नेऊ नकोस,
आणि मागच्या बाकावरची पोरं खिदळतात,
त्यांना हा ट्रेच दिसतो, वाफाळता.
धातू एकच, ट्रेच्या धातूसारखा,
त्यात काहीही शिजतं.
किउसाता म्हणजे छळणं.
खोडी काढणं, टोपी पळवणं, बुटात बर्फ भरणं,
एखाद्याच्या नावाला शेपूट जोडणं
आणि ते वर्षभर ओढत राहणं.
छळतो तो किउसाया.
उपाशी माणसाला वाळवंटात
दगडाच्या भाकरी कर म्हणणारा सैतान, तोही किउसाया.
आणि सहावी ब मधला तूक्का, तोही.

पेन्सिल थांबली.
"एकच शब्द?"
एकच.

अकराला रांग आली.
ओइवा नेहमीसारखा शेवटी, भिंतीला घासत,
एक मोजा घोट्यापर्यंत ओला.
त्याच्या पुढे तूक्का, कोरडा ठणठणीत.
डाव माझ्या हातात होता.
ट्रेच्या कोपऱ्यात करपलेली कड,
काळी, चामड्यासारखी, हॅमचा कण नाही तिच्यात.
कुणी पाहत नव्हतं.
एक डाव, बस्स,
सकाळचा सगळा बर्फ त्याच्या ताटात.
होदान, अर्थ कळतो तो असा, वहीत नाही:
छातीत काहीतरी गोड उकळू लागतं
आणि आपण त्याला न्याय म्हणतो.

वाढली. खरवडून वाढली.
तूक्काचा चेहरा उजळला.
"कड! हिच्यासाठी मी आणि बाबा भांडायचो."
भांडायचो, म्हणाला.
भांडतो नाही.
मग ताट दोन्ही हातांनी धरून
खिडकीजवळ एकटाच जाऊन बसला.

डाव मी ट्रेवर आपटला, उगाच.
ओइवाला मधला भाग दिला, सायीचा, जरा जास्तच.
त्यातलं निम्मं त्याने टाकलं.

दुपारी होदानने वही पुढे केली, तपासायला.
शब्दाखाली तीन अर्थ, नीट आकडे घालून,
आणि चौथ्यासाठी एक ओळ कोरी.
ती काउंटरच्या काचेमागे ग्लास पुसत होती तेव्हा.
मला वाटलं होतं, पुसतेच आहे.

मी म्हटलं, एक आहे अजून, त्याच घरातला:
किउसाल्लिनेन.
कुठे बघावं ते कळेनासं होतं, तसं.
मधे दोन ल.

तिने लिहिलं. मान वर केली नाही,
ते बरं केलं.
मग दोघींनी मिळून ट्रे गरम पाण्यात बुडवला.
कोपरा काही सुटत नव्हता.
उद्या माशाचं सूप आहे,
त्या शब्दाला एकच अर्थ.